पोटभरीचा टोस्ट

माणसानं शाकाहारी व्हायला कुणाची हरकत नसते. पण व्हायचंच असेल तर मटण शिजायच्या आधी व्हावं, एवढी तरी माणुसकी त्यानं ठेवावी. पुष्पांजलीनं ती ठेवली नाही. जानेवारीतल्या त्या रविवारी अंगणातल्या तीन विटांच्या चुलीवर गंजातला रस्सा रटरटत होता, वर लाल तर्री आली होती, शेखररावांनी चमचाभर चाखून मिठाचा निकालही जाहीर केला होता, आणि नेमकी तेव्हाच, आदल्या दिवशी पुण्याहून आलेली त्यांची एकुलती एक लेक दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, माझं नका वाढू. मी नॉनव्हेज सोडलंय."

"आज कोणता वार धरला तू?" शेखररावांनी विचारलं. रविवार धरणारे लोक त्यांनी पाहिले होते, आणि त्यांच्याबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं.

"वार नाही हो बाबा. कायमचंच."

शेखररावांनी ढवळायचा सराटा खाली ठेवला.

या प्रकरणाचं गांभीर्य कळायला त्यांच्या घरची राज्यघटना माहीत पाहिजे. शेखरराव खामगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. बायको कोकिळा ही खामगावजवळच्या उंद्रीच्या माळकरी घरातली. लग्न ठरतानाच तिच्या वडिलांनी अट घातली होती की मटण उंबरठ्याच्या आत येणार नाही. ती अट शेखररावांनी शब्दशः पाळली. चूल अंगणात, मटणाचं पातेलं म्हणजे तो गंज न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर खिळ्याला, सोबत सराटा, दोन ताटल्या, दोन वाट्या. घासायचंही त्यांनीच, बाहेरच्या नळावर. घरात पडद्याचा रंग ठरवतानासुद्धा त्यांना कुणी विचारत नसे, पण रविवारी अंगणात ते राजे होते. आणि या संस्थानाला प्रजा एकच होती, ती म्हणजे पुष्पांजली. दुधाचे दात होते तेव्हापासून ती पाट घेऊन चुलीपाशी येऊन बसायची, लसूण सोलायची, जाळ पुढं सारायची आणि आठवडाभरात शाळेत काय काय झालं ते सांगायची. शेखरराव सगळ्यांना अभिमानानं सांगत, की मटण काय कोणीही शिजवेल, पण एकट्याच्या घशाखाली ते उतरत नाही.

लेक नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर शेजारचे जानराव सोबतीला बसू लागले. बँकेतला माणूस, बोलायला गोड. पण मागच्या उन्हाळ्यात जानरावांना युरिक ॲसिड निघालं आणि त्यांच्या बायकोनं, बेबीताईंनी, त्यांची रविवारची सुट्टी रद्द केली. तेव्हापासून मटण शिजायचं ते फक्त पुष्पांजली घरी आली की. दिवाळीनंतर डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहून शेखररावांनाही मटण बंद करायला सांगितलं होतं. त्यावर शेखररावांनी डॉक्टरांचं वय विचारलं होतं.

आणि आता कंपनीनं पुष्पांजलीला महिनाभर घरून काम करायला परवानगी दिली होती. म्हणजे एका पाठोपाठ एक सगळे रविवार. डिसेंबरपासून माणूस या महिन्याची वाट पाहत होता. खोबरं आणून ठेवलं होतं, दगडफूल निवडून ठेवलं होतं.

त्या दिवशीचा गंज कुणी खायचा हा प्रश्न मोठा झाला. शेखररावांनी बघितलं खाऊन, पण दुसऱ्या घासाला ठसका लागला. भिंतीवरून जानरावांना हाक मारली तर बेबीताईच उठून उभ्या राहिल्या. "शेखरभाऊ, तो गंज भितीच्या अलीकडं आला तर मी माहेरी जाईन, अन् मंग ह्यायले तुमीच पोसा." शेवटी सिलिंडर घेऊन आलेल्या माणसानं तो सगळा रस्सा डब्यात भरून नेला. गंज घासताना शेखररावांनी घरात डोकावून पाहिलं. पुष्पांजली आईजवळ ओट्याला टेकून ब्रेडच्या दोन भाजलेल्या स्लाईस खात होती, आणि त्यावर होत्या काकडीच्या चकत्या.

"ह्यानं पोट भरते तुझं?"

"भरतं ना बाबा."

हा शब्द त्यांना लागला. काकडीनं पोट भरतं असं म्हणणारी लेक आपली उरलेली नाही, ती आता आतल्या खोलीची झाली, तिचा पाट कायमचा रिकामा राहणार, असं त्यांना वाटलं. रसायनशास्त्राच्या सहवासात तीस वर्षं काढलेल्या माणसाला खचून बसणं शोभत नाही. त्यांनी त्याच संध्याकाळी ठरवलं, की बाहेरच्याच चुलीवर, आपल्याच हातानं, असा काही बिनमटणाचा टोस्ट करायचा की नव्या शाकाहाऱ्याचं पोट गच्च भरलं पाहिजे आणि तिनं पुन्हा पाट घेऊन बाहेर येऊन बसलं पाहिजे. महिना संपायच्या आत.

सोमवारी ते बेकरीत गेले आणि टोस्ट मागितला. खामगावात टोस्ट मागितला की जे मिळतं तेच मिळालं. चहात बुडवायचा, दगडासारखा, किलोभर. पुष्पांजली पोट धरून हसली. "बाबा, ब्रेड आणून घरी भाजतात." मग तिनं फोनवर चित्रं दाखवली. प्रत्येक टोस्टवर हिरवा लगदा पसरलेला होता. तो अव्होकाडो नावाच्या फळाचा असतो असं कळल्यावर शेखरराव फळबाजारात गेले. फळवाल्यानं फोन हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "सायेब, हे फळ हितं येत नाही. आलं तं लोकं त्याले खराब पेरू समजून हानतीन मले. पोपई घेऊन जा, मऊ हाय." शेखररावांनी पपई घेतली, कारण नाही म्हणायला त्यांना कधीच जमलं नव्हतं.

स्टाफरूममध्ये त्यांनी हा विषय जनरल विचारावा तसा विचारला. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, पनीर घाला. गणिताचे सर म्हणाले, चीज घाला. क्रीडाशिक्षक म्हणाले, अंडं घाला, अंडं शाकाहारीच असते. त्यावर दोन तास वाद झाला, बारावीचा एक तास बुडाला आणि प्राचार्यांनी शेखररावांना बोलावून स्टाफरूममध्ये आहारविषयक चर्चा करू नये अशी समज दिली. टोस्ट अजून जाळीवर चढायचा होता.

जाळीचंही सोपं नव्हतं. पापड भाजायची जाळी स्वयंपाकघरातली. ती मागितली तर कोकिळाताई म्हणाल्या, "त्या चुलीवर जाईन ते परत आत येनार नाही, सांगून ठेवते."

"अवं पण ब्रेड भाजायचा आहे, बकरं नाही."

"ब्रेड भाजा नाई तं बेलपत्री भाजा. चूल कोनती हाय?"

प्रयोगशाळेतली तारेची जाळी आणावी असं शेखररावांच्या मनात आलं. पण तिच्यावर ॲसबेस्टॉस असतं आणि ती बाहेर न्यायला प्राचार्यांची सही लागते. यातलं दुसरं कारण जास्त गंभीर होतं. त्यांनी बाजारातून नवी जाळी आणली.

पहिल्या प्रयोगात पाटवडी होती. बेसनाच्या वड्या, वर झणझणीत रस्सा. या मुलखात मटण सोडलेल्या माणसाला पाटवडीनंच सावरायचं असतं, हा अनुभव पिढ्यांचा आहे. पण पाटवडी भाकरीची मैत्रीण. ब्रेडनं रस्सा असा काही पिऊन टाकला की टोस्ट उचलला तेव्हा बोटांत फक्त कडा आल्या. बाकीचा ऐवज पुष्पांजलीच्या पांढऱ्या सलवारीवर. तिनं दोन मिनिटं पाटावर बसून घेतलं होतं, तेवढ्यात उठून कपडे बदलायला गेली आणि परत आली नाही, कारण ऑफिसचा फोन आला. रविवारी ऑफिसचे फोन करणाऱ्या माणसांबद्दल शेखररावांनी काही विधानं केली, ती इथं देण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या आठवड्यात कोकिळाताईंचा भाऊ गोकुळ उंद्रीहून आला. येताना खांद्यावर पोतं. भाऊजींना भाचीसाठी पोटभरीचं काही पाहिजे, ही बातमी त्याला बहिणीनं फोनवर दिली होती, म्हणजे तक्रार म्हणून दिली होती, पण त्यानं ती मागणी समजून घेतली.

"भाऊजी, घरचं सोयाबीन हाय. मटनापेक्षा जास्त ताकद ह्याच्यात. आपून पिकवतो अन् तेलवाल्याले देऊन टाकतो, लेकराच्या पोटात काई जात नाही."

"तुमी खाता काय घरी?"

"छे. आमी कायले खातो?"

या उत्तरानंतर शहाण्या माणसानं पोतं परत केलं असतं. शेखररावांनी त्यातलं दोन किलो रात्री भिजत घातलं. सकाळी शिजवलं, दुपारी शिजवलं, दाबून पाहिलं, मऊ वाटलं. वाटून, मसाला लावून, ब्रेडवर जाड थर दिला. चव खरंच बरी होती. गोकुळनं सहा खाल्ले आणि भाचीला आग्रह करकरून तीन खायला लावले. मग त्या रात्री घरात काय झालं ते सभ्य माणसांनी कल्पनेनं जाणावं. गोकुळ पहाटेची पहिली एसटी पकडायच्या ऐवजी न्हाणीघर पकडून बसला. सोमवारच्या ऑफिसच्या मीटिंगला पुष्पांजली कॅमेरा बंद, माइक बंद करून हजर राहिली. संध्याकाळी शेखररावांनी दबक्या आवाजात विचारलं, "पण पोट भरलं ना?"

"बाबा, कालपासून ते भरलेलंच आहे."

कोकिळाताई ओव्याचं पाणी घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत होत्या. त्या एरवी फार बोलणाऱ्या नाहीत. पण त्या दिवशी पेला टेबलावर आपटून बोलल्या.

"पोट्टी कालची शाकाहारी, तं तिच्यासाठी फळबाजार काय, बेकरी काय, नवी जाळी काय. मी जन्माची शाकाहारी हावो. चोवीस वर्सं झाले, तुमी बापलेक रविवारी भायेर हासत-खिदळत जेवता, मी आतमंदी काय खाते ते कधी वाकून पाह्यलं काय? शनिवारची उरलेली भाजी अन् पोळी. एकटीच. पिकते तिथं विकत नाही म्हन्तात ते काई खोटं नाही."

याला उत्तर देऊ नये एवढं शहाणपण जगातल्या बहुतेक नवऱ्यांना असतं. शेखरराव म्हणाले, "तुले तं सवय आहे."

दोन दिवस घरात भांड्यांचे आवाज फार मोठे होते. त्या आवाजात शेखररावांना एकदा वाटून गेलं की आपण बोललो ते बरं नव्हतं. पण महिना सरत आला होता, शेवटचा रविवार तोंडावर आला होता, आणि टोस्ट अजून जमला नव्हता.

तो जमला शनिवारी, आणि जमला तो योगायोगानं. बाजारात तुरीच्या हिरव्या शेंगा आल्या होत्या. शेखररावांनी त्यांचे सोले, म्हणजे हिरवे दाणे, काढून भरडसर कुटले, चुलीतल्या निखाऱ्यात वांगं भाजलं, आणि मग मटणाचा म्हणून जपून ठेवलेला काळा मसाला, भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा, खसखस, दगडफूल, सगळं त्या गंजात तेलावर परतून त्यात सोले आणि वांगं घोटलं. ब्रेड निखाऱ्यावर भाजला. पुष्पांजलीनं एक घास खाल्ला, डोळे मिटले, आणि जाऊन पाट घेऊन आली. शेखररावांनी पंखा म्हणून पेपर हलवत चुलीकडं तोंड केलं, कारण धुरानं डोळ्यांत पाणी येतंच.

"कोकिळा, तू बी घे एक," त्यांनी आत आवाज दिला. "वांगं आहे, सोले आहेत. सगळं माळकऱ्यांचं."

कोकिळाताई दारापर्यंत आल्या. वास त्यांनाही आला असणारच. त्यांनी चुलीकडं पाहिलं.

"वांगं असन. गंज कोनता हाय?"

आणि आत गेल्या.

असो. एक शिष्य पटला होता. पुष्पांजलीची गाडी रविवारी रात्रीची. शेखररावांनी ठरवलं, उद्या निवांत, दोघंच चुलीपाशी बसायचं, एकेक टोस्ट भाजत जायचं आणि महिनाभराचं राहिलेलं सगळं बोलून घ्यायचं. त्यांना आणखी काही नको होतं. परातभर सारण घोटून ठेवलं.

रविवारी मसाला तेलात पडला आणि त्याचा वास भिंतीवरून, छपरावरून, कॉलनीच्या गणपतीच्या देवळात पोचला. रविवारच्या या वासाचा अर्थ अख्ख्या कॉलनीला गेली वीस-बावीस वर्षं पाठ होता. आणि त्या दिवशी संकष्टी चतुर्थी होती.

फाटक उघडून वामनराव आत आले. पाटबंधारे विभागातून निवृत्त झालेला आणि कॉलनी समितीचा अध्यक्ष झालेला माणूस. ते कधी भांडत नसत, चौकशी करत. मागं सोवळ्यातले पाच-सहा जण आणि पंच म्हणून जानराव आणि बेबीताई.

"सर, आज तिथी काय आहे, कल्पना आहे काय तुमाले?"

"संकष्टी."

"मंग हा वास कशाचा?"

"टोस्टचा."

वामनरावांनी मागं वळून सगळ्यांना ते ऐकू आल्याची खात्री करून घेतली. "सर, मी पाटबंधाऱ्यात जन्म घातला. मले पान्यातलं कमी कळत असन, पन वास कळते. आमी कॉलनीत कोन काय खाते ते इचारत नाही. पन आज चतुर्थी, अन् समोर देऊळ. पंचनामा करा लागन."

"काका, वांगं आहे ते," पुष्पांजली म्हणाली.

"बाई, सगळे वांगंच म्हन्तात. पंचांनी चाखून पाहा."

जानराव पुढं झाले. बेबीताईंनी त्यांचा शर्ट मागून धरला. "ह्यायले वांगं नाही चालत. तूर बी नाही चालत. युरिक ॲसिड हाय."

"मंग पंच कायचा तो?" कुणीतरी म्हणालं.

"मी वासाची साक्ष देतो," जानराव म्हणाले. "शेखरभाऊ, आता सांगूनच टाकतो. बेबीनं बंद केल्यापासून तुमच्या इथं गंज चढला का मी भितीच्या पलीकडं खुर्ची टाकून बसतो. कोरडी भाकर अन् तुमचा वास. तेवढंच सुख. आजचा वास तोच हाय, एक नंबर. पन त्याच्याखाली जो चरबीचा वास राह्यते, तो नाही. हे मटन नाही."

बेबीताईंनी शर्ट सोडला. खुर्चीचं त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं, मग परातीतलं सारण बोटावर घेऊन चाखलं, आणि शेखररावांना म्हणाल्या, "ह्यायले एक द्या. नुसता चोपडून, पातळ."

धरण फुटायला एवढंच पाहिजे होतं. सोवळ्यातल्यांत चतुर्थी न धरणारे तिघं होते, ते पंच व्हायला तयार झाले. फाटकाबाहेर बघ्यांत आणखी निघाले. शेखररावांना तोवर माहीत नव्हतं की आपल्या कॉलनीत एवढे नवे शाकाहारी आहेत. एकानं बायपासनंतर सोडलं होतं, एकानं पोराच्या नोकरीसाठी नवस बोलून, एकानं नव्या सुनेच्या धाकानं. सगळेच आठवड्यातून एक दिवस नुसत्या वरणभाताकडं बघत बसत, आणि प्रत्येकाला हे दुःख फक्त आपलंच आहे असं वाटत होतं. पण सुख मिळाल्यावरही माणूस सुखी होत नाही. एक म्हणाला, साखर आहे, ब्रेड नको, सारण नुसतं द्या. दुसरा म्हणाला, तिखट कमी. तिसऱ्यानं कांदा काढून मागितला. घोटलेल्या सारणातून भाजलेला कांदा कसा काढतात हे शेखररावांनी त्याला अतिशय नम्रपणे विचारलं. त्या नम्रपणाला घाबरून तो गप्प झाला आणि तीन टोस्ट घेऊन गेला.

शेखरराव भाजत राहिले, पुष्पांजली वाढत राहिली. मधूनच ते तिच्याकडं बघत, की आता सरतील हे लोक. लोक सरले नाहीत, सारण सरलं.

वामनरावांचा उपास. चंद्र उगवल्याशिवाय तोंडात काही घालता येत नाही. शेवटचे चार टोस्ट त्यांनी डब्यात झाकून घेतले. "हा मुद्देमाल. रात्री तपासतो." मग सगळ्यांसमोर निकाल दिला. "सदर ठिकाणी मटण आढळून आलं नाही. तथापि वास संशयास्पद आहे. पुढल्या रविवारी पुन्हा तपासनी करा लागन."

निखारे विझत आले होते. पुष्पांजलीनं परात ब्रेडच्या कडेनं पुसून तो तुकडा खाल्ला आणि बॅग भरायला आत गेली. शेवटचा रविवार असा गेला. रात्री ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर बॅग वर चढवून देताना शेखररावांना पुष्कळ बोलायचं होतं. त्यांनी पाण्याची बाटली घेतली का, एवढं विचारलं.

"घेतली. बाबा, पुढच्या रविवारी एकटे काय कराल?"

"पाहू. तू तिथं उपाशी नको राहू. काकडीनं काई होत नाही."

पुढचा रविवार आला. घर सुनं. साडेअकराच्या सुमारास शेखररावांना लेकीची आठवण आली. सोल्याच्या सारणात पाण्याचं प्रमाण किती ते तिला सांगायचं राहिलं होतं, म्हणून त्यांनी व्हिडिओ कॉल केला. फोन तिच्या खोलीत राहणाऱ्या राखीनं उचलला. ही राखी मोठी गुणी मुलगी, तिनं लगेच "काका, ही बघा, देते," म्हणून फोन फिरवला. समोर पुष्पांजली. हातात कोंबडीची तंगडी, अर्धी खाल्लेली.

"बाबा, हा लेगपीस राखीचा आहे."

"हात तुझा आहे."

पुष्पांजलीनं तंगडी खाली ठेवली. राखी तिच्या हातात फोन देऊन तेवढ्यात कुठंतरी निघून गेली.

"तू तं कायमचं सोडलं म्हनत होती."

"सोडलंय ना," ती म्हणाली. "बुलढाणा जिल्ह्यापुरतं."

"म्हंजे?"

"बाबा, दिवाळीनंतर डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलं? तुम्ही त्यांचं वय विचारत बसला. आई किती घाबरली होती माहितीये? रोज रात्री फोन करून रडायची. मी महिनाभर घरी येणार म्हणजे तुम्ही दर रविवारी गंज चढवणार. तुम्हीच म्हणता ना, एकट्याच्या घशाखाली उतरत नाही? मग कुणीतरी उठायला पाहिजे होतं. मी उठले."

महिनाभर आपण लेकीला शाकाहारात सांभाळतोय असं समजून बेकऱ्या, फळबाजार पालथे घातले, आणि सांभाळला गेला तो दुसराच कोणी. पहिल्या रविवारचा घास सोडला तर महिन्यात मटणाचा कण पोटात गेला नव्हता आणि हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. राग कुणाचा करावा तेही ठरेना. म्हणून त्यांनी सगळ्यांचा केला. फोन बंद केला, खुंटीवरची पिशवी ओढली आणि आतल्या दिशेनं ओरडले, "मी मटण आनायले चाललो. आज एकटाच खातो. पाहू कसं उतरत नाही तं."

आत भांडंही वाजलं नाही. जाताना त्यांनी, कशाला कोण जाणे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाकून पाहिलं. कोकिळाताई ओट्याला टेकून उभ्या होत्या. हातात ताटली, ताटलीत कालची कोबीची भाजी. पोळीचा घास त्या भाजीत घालून त्या उभ्या उभ्या खात होत्या. चोवीस वर्षं रविवारी हे चालू होतं आणि ती खिडकी तिथंच होती.

तासाभरानं शेखरराव परत आले. पिशवीतून त्यांनी एक नवा कोरा गंज काढला, चकचकीत, दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. नवा सराटा काढला, नवी जाळी काढली. तुरीच्या शेंगा काढल्या, वांगी काढली. मग जुन्या तिन्ही विटा उचलून फाटकाबाहेर टाकल्या आणि गच्चीच्या बांधकामातून उरलेल्या तीन नव्या विटा आणून चूल मांडली. मान वर न करता ते फुंकर मारत बसले. धूर फार होता.

कोकिळाताई दारात येऊन हे सगळं बघत उभ्या होत्या.

"मटन कोठी हाय?"

"नाही मिळालं."

"रविवारी खामगावात मटन नाही मिळालं?"

"लाईन लय होती," शेखरराव म्हणाले.

कोकिळाताईंनी गंजाकडं पाहिलं, विटांकडं पाहिलं. मग आत गेल्या. शेखररावांना वाटलं, संपलं. पण त्या परत आल्या, हातात पुष्पांजलीचा पाट. तो चुलीपाशी मांडून, लुगडं सावरून बसल्या आणि शेंगांची पिशवी पुढं ओढली.

"ब्रेड कडक भाजजा," त्या सोले काढत म्हणाल्या. "त्या पोट्टीले नरम देल्ले होते तुमी. मी खिडकीतून पाह्यत होती."

सारण गंजात पडलं. पहिला टोस्ट जाळीवर चढला. शेखररावांनी तोंड उघडलं, आठवडाभर साचलेलं काहीतरी बोलायला सुरुवात करणार, तोच फाटक वाजलं. वामनराव डबा घेऊन उभे होते. त्यांच्या मागं जानराव, आपली खुर्ची घेऊन.

"तपासनी आहे," वामनराव म्हणाले.

शेखररावांच्या आधी कोकिळाताई बोलल्या, पाटावरून न उठता.

"आधी मी जेवते. मंग या."